दावा वकिलावर, भाच्यावर नाही

॥ श्री ॥

रेणापूर, जि. लातूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शिवकांता हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे तुरी फुलोऱ्यात आहेत, म्हशीला वगार झाली, तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीनं धरलाय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोललो की अख्ख्या गल्लीला कळतं, म्हणून कागदावर लिहितो. खरं तर गल्लीला आधीच कळलेलं आहे. तुलाच तेवढं कळायचं राहिलंय.

आपला शेजारी गुंडप्पा तुला आठवत असेल. त्याच्या शेताकडं जाणारी पाणंद लगतच्या शेतातल्या साहेबरावनं नांगरून आपल्या रानात घेतली. गुंडप्पाला आता बैल न्यायलाही वाट नाही. लातूरच्या कोर्टात दावा चालू आहे. तुझा बजरंग तान्हा होता त्या वर्षी सरकारी मोजणी झाली, तेव्हा ही वाट सोडून खुणा रोवल्या होत्या. त्या दिवशी मोजणीदाराच्या साखळीचं एक टोक धरून मी उभा होतो. कागदावर ज्यांच्या सह्या होत्या ते सगळे देवाघरी गेले. साखळी धरणाऱ्याची सही कोण घेतो? पण जिवंत साक्षीदार आता मीच एकटा.

मी पिंजऱ्यात उभा राहून पाहिलं ते सांगितलं. मग साहेबरावचा वकील उलटतपासणीला उठला. काळा कोट, पांढरी पट्टी आणि वर तोंड आपल्या बजरंगाचं.

होय, तुझा मुलगा. कायदा शिकताना जो माझ्या घरी राहिला आणि वहिनीच्या हातची भाकरी खाऊन पास झाला, तोच. त्यानं विचारलं की मोजणी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी झाली ना. मी हो म्हणालो. मग विचारलं की त्याच दिवशी देगलूरजवळ होट्टलच्या देवळात तुमच्या भाच्याचं जावळ होतं आणि तुम्ही त्याला मांडीवर घेऊन बसला होता, खरं की नाही. भाचा कोण, ते काही त्यानं कोर्टाला सांगितलं नाही. मी गप्प राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा गप्प. तेव्हा तो जज्जसाहेबांकडं वळून म्हणाला की हा साक्षीदार एकाच वेळी दोन जिल्ह्यांत हजर असतो, खोटं बोलणं याच्या अंगवळणी पडलंय, याच्या शब्दावर विसंबू नये. मागं बसलेली माणसं हसली. पट्टेवालासुद्धा हसला.

गावात कुणाची वाटणी असो की मोडलेली सोयरीक, लोक म्हणायचे, किशनरावला विचारा, तो बघितलं तेवढंच सांगतो. आता टपरीवरची पोरं विचारतात की मामा, आज रेणापूरला हाव का देगलूरला.

तेव्हा मी ठरवलंय. समोरच्या वकिलावर अब्रुनुकसानीचा दावा लावणार. नीट वाच, दावा वकिलावर आहे, भाच्यावर नाही. भाचा आपल्या जागी आहे. वहिनीनं दिवाळीच्या चिवड्याचा डबा त्याच्यासाठी भरून ठेवलाय, तो घेऊन जायला सांग.

दाजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंची तब्येत कळव. वकिलाची आई म्हणून रागावू नकोस, बहीण म्हणून लोभ ठेव.

तुझा दादा,
किशनराव

• • •

॥ श्री ॥

देगलूर, जि. नांदेड
३ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादांस शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूनं रडले, दुसऱ्यांदा बजरंगाच्या. मग ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला आणि दुकानात निघून गेले. सासूबाईंना काही सांगितलं नाही. त्या ठणठणीत आहेत, रोज ज्वारी निवडतात आणि माझी निवडलेली पुन्हा निवडतात.

आनंदाची गोष्ट आधी सांगायची ठेवली होती, ती तुझ्या कोर्टानं मागं ढकलली. माझ्या ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा धर्माबादचा, घर मिरचीच्या व्यापारातलं. बघायला आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना असा वास की आम्ही सगळे शिंकत होतो आणि ते एकटेच हसत बसले होते. लग्न मे महिन्यात. आता तूच सांग, नवरीच्या मागं मामा उभा राहणार आणि समोर करवला म्हणून वकील. मध्ये मी कुणाची नोटीस कुणाला देऊ?

बजरंगाला मी बरंच बोलले. म्हणजे मोबाईलवर लिहून बोलले, कारण त्याचं म्हणणं मला ऐकू येत नाही, त्यामुळे भांडण एकाच बाजूनं छान होतं. त्याचं उत्तर आलं की आई, मी मामाला खोटं म्हणालो नाही, साक्षीदाराला म्हणालो. तू म्हणतोस दावा भाच्यावर नाही, वकिलावर. तुम्ही दोघं एकाच माणसाचे दोन करून राहिलात आणि दोघांनाही जेवायला मीच वाढायचं.

पण दादा, एक विचारते, रागावू नकोस. मला त्या वेळी टायफॉइड झाला होता, मी नांदेडच्या दवाखान्यात पडून होते, हे माझ्या उशाशी होते. नवसाची तारीख टळणारी नव्हती म्हणून सासूबाईंनी जावळ उरकलं. लेकराची पहिली केसं गेली तेव्हा आई जवळ नव्हती, हे मला किती लागलं होतं तुला माहीत आहे. पण मामाच्या मांडीवर झालं, एवढ्यावर मी समाधान मानलं. तू दवाखान्यात आलास तेव्हा तुझा हात धरून विचारलं होतं आणि तू मान हलवली होतीस. पोराच्या प्रत्येक वाढदिवसाला ही गोष्ट मी त्याला सांगितली. कोर्टात तीच त्याच्या तोंडून आली, म्हणजे त्याला हे माझ्याकडूनच मिळालं.

मग मोजणीला कोण होतं? तू होट्टलला होतास तर साखळी कुणी धरली? गुंडप्पावर दया आली म्हणून बोलून गेलास का? तसं असलं तर असू दे, बहिणीला सांग, मी कुणाला सांगणार नाही. ऐकू येत नसलं तरी पोटात ठेवता येतं.

बजरंगाच्या अंगात तो काळा कोट रियाजनं शिवलेला आहे, आठवतं? आमच्या शेजारचा शिंपी, मी ज्याला राखी बांधते तो. सनद मिळाली तेव्हा त्यानं हट्टानं शिवून दिला. त्याला हे कळलं तर तो कोट परत मागेल.

वहिनीला गुडघ्याला एरंडाचं पान बांधायला सांग. माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझी,
शिवकांता

• • •

॥ श्री ॥

रेणापूर
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवकांता हिस अनेक आशीर्वाद. ऋतुजाला दुप्पट.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. धर्माबादचं स्थळ चांगलं, शिंका थांबतील.

दाव्याचं सांगतो. गुंडप्पाच्या वकील बुद्धप्रियाताई, लातूरच्याच, वयानं बजरंगाएवढ्या, फार शांत बाई. त्यांना म्हणालो, माझाही दावा घ्या. त्या म्हणाल्या की काका, वकील कोर्टाच्या आत, आपल्या अशिलासाठी, खटल्यातलं जे बोलतो त्यावर अब्रुनुकसानीचा दावा टिकणं अवघड. बाहेर बोलला असता तर गोष्ट वेगळी. बाहेर काही बोलला का?

मी आठवून पाहिलं. बाहेर व्हरांड्यात तो माझ्या पाया पडला. चहा पाजला, बिस्किटाचा पुडा फोडून समोर धरला, वहिनीचा गुडघा विचारला आणि रेणापूरच्या गाडीत खिडकीजवळ जागा धरून दिली. हे सगळं ताईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, यातल्या कशावर दावा लावायचा? आत अब्रू काढली तिथं कायदा चालत नाही आणि बाहेर कायदा चालतो तिथं तो पाया पडला. असा हा कायदा. मला काही उमगत नाही.

तरी मी हट्ट धरला. ताईंनी नोटीस पाठवली. पण दाव्याचा कागद पहिल्याच परिच्छेदात अडकलाय. त्या म्हणतात की तो बोलला ते खोटं होतं हे आधी लिहावं लागेल. म्हणजे त्या दिवशी तुम्ही जावळाला होता की नव्हता, तेवढं एका ओळीत सांगा, बाकीचं मी लिहिते. ती ओळ मी त्यांना अजून दिलेली नाही.

तूही तेच विचारलंस. शिवकांता, मोजणीला मी होतो. साखळी माझ्या हातात होती, तिचा गंज तळहाताला लागला होता. यापुढचं मला विचारू नकोस. काही उत्तरं आपल्या तोंडात असतात पण आपल्या मालकीची नसतात.

तू मात्र लिहिलंस की दया आली म्हणून बोलून गेलास का. वकिलानं म्हटलं ते कोर्टात राहिलं. तुझं हे वाक्य घरात आलंय. तुलाही वाटतं मी खोटी साक्ष दिली. टपरीवरच्या पोरांचं मग काय चुकलं?

लग्नाचं असं आहे की माझ्या नावावरचा हा डाग गेल्याशिवाय मी मांडवात उभा राहणार नाही. चार लोकांसमोर खोटारडा ठरलेला मामा नवरीच्या मागं उभा करणं धर्माबादकरांनाही बरं दिसायचं नाही. ऋतुजाला हे सांगू नकोस. आहेर मात्र वहिनी घेऊन येईल.

चिवड्याचा डबा अजून फडताळात आहे.

राग आहे, पण मायेत त्यानं काही फरक पडलेला नाही, हे जाणून असावं.

किशनराव

• • •

लातूर
२८ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांना बजरंगचा सा. न. वि. वि.

तुमच्या नोटिशीला उत्तर वेगळं पाठवलंय, ते इंग्रजीत आहे आणि त्यात मी तुमचा कुणी लागत नाही. ते बुद्धप्रियाताईंना वाचू द्या, तुम्ही वाचू नका. हे पत्र मराठीत आहे, हे तुमचं.

मामा, साक्षीदारांच्या यादीत तुमचं नाव पाहिलं तेव्हा मी आमच्या मोठ्या वकीलसाहेबांना म्हणालो होतो की हे माझे मामा, मला यातून वगळा. ते म्हणाले की वकिलाला मामा नसतो. मी अजून त्यांच्या हाताखाली शिकतोय, नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला फोन करून सांगणार होतो की मी समोर असेन. मग वाटलं, हे सांगणंसुद्धा साक्षीदाराला फोडणं होईल. तेव्हा काय बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही.

विचारलं ते मात्र खरं धरूनच विचारलं. घरातल्या भिंतीवर जावळाचा फोटो आहे, खाली पेंटरनं तारीख घातलीय. मोजणीची तारीख तीच. मला खात्री होती की तुम्ही काहीतरी सांगाल. सकाळी जावळ उरकून दुपारी गावाकडं पोचलो, असं म्हणाल. शक्य नाही हे मला माहीत होतं, पण तुम्ही काहीतरी म्हणाल आणि मी एखादा प्रश्न विचारून खाली बसेन, असं मनात होतं. तुम्ही माझ्याकडं नुसतं बघत राहिलात. मग मोठ्या साहेबांनी मागून कोट ओढला आणि मी ते सगळं बोलून गेलो. बोलत असताना आवाज माझाच होता, एवढं आठवतं.

मामा, तुम्ही गप्प का राहिलात? वकील म्हणून विचारत नाही. तुम्ही खोटं बोलला असता तरी मला चाललं असतं. गप्प राहिलात म्हणून मला रोज वाटतं, मी काहीतरी भलतंच जिंकलोय.

चिवडा न्यायला यायचं धाडस होत नाही. मामींना नमस्कार. माझ्यावरची माया तारखेवर ढकलू नये, ही विनंती.

तुमचा भाचा,
बजरंग

• • •

॥ श्री ॥

देगलूर
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. दादांस शि. सा. न. वि. वि.

आज अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

लग्नासाठी भिंतींना रंग द्यायचा म्हणून बैठकीतले फोटो उतरवले. त्यात जावळाचा फोटो. तुला तो माहीत आहे, फोटोग्राफरनं लेकरू मध्ये घेण्याच्या नादात मांडीवाल्याचं मुंडकंच कापलं होतं. मधोमध बजरंगाचा नुकता भादरलेला गोटा, मागं दोन गुडघे आणि पोटाशी धरलेले दोन हात. या गुडघ्यांना मी इतकी वर्षं दादाचे गुडघे म्हणत आले. काच पुसता पुसता लक्षात आलं की गुडघे पायजम्यातले आहेत.

दादा, तू जन्मात पायजमा घातला नाहीस. आपल्या लग्नांत, मयतीत, शेतात, सगळीकडं धोतर. म्हटलं असेल त्या दिवशी. मग फोटो खिडकीशी नेऊन हात बघितले. उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तान आहे. शिंपी सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती टोपी.

मी फोटो घेऊन सासूबाईंपुढं बसले. त्या ज्वारी निवडत होत्या. फोटोवर बोट ठेवलं. त्यांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं आणि ज्वारीचं सूप बाजूला सारलं. पुढचं त्या स्वतः सांगणार म्हणतात. ऋतुजाला लिहायला बसवलंय, तो कागद सोबत जोडते.

तू खोटं बोललास असं मी लिहिलं. माझ्यासाठी गप्प बसलेल्या माणसाला मीच ते लिहिलं. आता तुझ्यावर रागवायचं की तुझ्या पाया पडायचं, मला खरंच समजत नाही. इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? माझा टायफॉइड कधीच बरा झाला होता.

तुझी,
शिवकांता

• • •

(सोबतचा कागद. आजी सांगते तसं लिहिते, मध्ये माझं काही नाही. ऋतुजा)

किशनराव यांना गुणाबाईचा रामराम.

मला लिहिता येत न्हाई, सांगता येतं. तुमच्यावर कोर्टात बट्टा लागला हे मला आज कळून राहिलं. घरात सगळ्यांना ठावं होतं, म्हातारीलाच कुणी सांगितलं न्हाई. आधी सांगितलं असतं तर मी तवाच तोंड उघडलं असतं.

झालं ते असं. नवस बोललेला, पंगत मांडलेली, न्हावी वस्तरा पाजळून बसलेला. सून तापानं फणफणलेली नांदेडात, पोरगा तिच्यापाशी. सगळी तुमची वाट बघून राहिली. सकाळची गाडी आली, तुम्ही न्हाई. दुपारची आली, तुम्ही न्हाई. न्हावी म्हणला, मामा न्हाई तर वस्तरा चालत न्हाई. तेवढ्यात रियाज आला. लेकराचं अंगडं-टोपडं त्याच्याकडं शिवायला होतं, ते उशिरा झालं म्हणून सायकलीवर होट्टलपर्यंत घेऊन आला. बोटातली टोपीसुदिक काढायची ध्यानात न्हाई. मी म्हणले, शिवकांता तुला राखी बांधती ना, मग बस मामा म्हणून. त्यानं लई आढेवेढे घेतले. म्हणला, लोक काय म्हणतील. मी म्हणले, लोक जेवून राहिलेत, त्यांना बोलायला वेळ न्हाई. बसला. लेकरू रडलं बी न्हाई.

सुनेला काय सांगावं? तापात एकच धोसरा, दादा आला का, दादा आला का. डॉक्टर म्हणला, जिवाला लावून घ्यायला नको. मी सांगितलं, आला होता तुझा भाऊ, मांडीवर घेऊन बसला. रियाज भाऊ न्हाई तर कोण हाय?

मग तुम्ही दवाखान्यात आले. मोजणीत अडकलो म्हणून पायरीवर डोकं धरून बसले. मी म्हणले, आता रडू नका, आत जाऊन मान हलवा आणि जन्मभर हलवलेली ठेवा. रियाजला बी तेच सांगितलं. तुम्ही दोघांनी शब्द पाळला. पण कोर्टात बी पाळायचा असतो हे मी म्हणले नव्हते! (आजी इथं हसली आणि मग रडली. माफ करा, हे माझं आलं.)

मला पस्तावा न्हाई. सून वाचली. आता बोला, मोकळे करते तुम्हाला. लागलं तर मला गाडीत घालून लातूरला न्या, मी सांगते साहेबाला.

लग्नाला यायचं. न आल्यास मी न्यायला येईन, म्हातारपणी माझी फरफट करू नये.

गुणाबाई

• • •

॥ श्री ॥

रेणापूर
९ एप्रिल २०२५

चि. सौ. शिवकांता हिस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार, खरोखरचा.

वि. वि. तुझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

त्या कागदानंतर मी बुद्धप्रियाताईंना ती एक ओळ दिली. त्यांनी ती अब्रुनुकसानीच्या दाव्यात घातली नाही. म्हणाल्या, काका, ही ओळ आधी गुंडप्पाच्या वाटेला लागेल. साक्षीदाराला पुन्हा बोलवावं असा अर्ज त्यांनी केला. मंजूर व्हायला मार्च उजाडला. मधल्या काळात बजरंगानं साहेबरावच्या खटल्यातलं आपलं वकीलपत्र काढून घेतलं, हे त्यानं तुला कळवलंच असेल. मोठे वकीलसाहेब त्याच्यावर तडकलेत म्हणे. तडकू देत.

परवा तारीख होती. मी पुन्हा पिंजऱ्यात. या वेळी मोठे वकीलसाहेब स्वतः उठले. आवाज असा की तुलाही ऐकू गेला असता. म्हणाले, तेव्हा तोंडाला कुलूप होतं, आता एकदम किल्ली कुठून सापडली? कुणी शिकवून पाठवलं? मी म्हणालो, शिकवलेलं घेऊन आलो होतो ते मागच्या वेळी, शिकवणी फार वर्षांपूर्वीची, आणि शिकवणारी बाई आता शहाऐंशी वर्षांची आहे, लागली तर हजर करतो. मग सगळं सांगितलं. मोजणीदार दुपारी उशिरा आला, सूर्य मावळेपर्यंत साखळी धरून होतो, देगलूरची गाडी चुकली, जावळाला मी नव्हतो, मांडी माझी नव्हती. खोटारडा म्हणवून घेणं सोपं गेलं होतं, शिवकांता. मांडी माझी नव्हती हे म्हणणं अवघड गेलं.

मग जज्जसाहेबांनी स्वतः विचारलं की मागच्या तारखेला एवढं एक वाक्य का सांगितलं नाही. मी म्हणालो, साहेब, ज्याला कळू द्यायचं नव्हतं, तोच विचारत होता.

साहेबांना आधी कळलं नाही. ताईंनी उठून नातं सांगितलं. मग त्यांनी लिहिणं थांबवून मागच्या बाकांकडं पाहिलं. तिथं बजरंग बसला होता, कोट घडी करून मांडीवर ठेवलेला, साधा शर्ट घालून. या वेळी कुणी हसलं नाही. पट्टेवाला तर माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला.

निकाल काय लागायचा तो लागेल. ताई म्हणतात आता गुंडप्पाला आशा आहे. टपरीवरच्या पोरांना अजून नीट समजलेलं नाही, त्यांना एवढंच कळलंय की किशनराव देगलूरला नव्हते. त्यांच्यासाठी तेवढं पुरे आहे.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं की अब्रुनुकसानीच्या दाव्याचं काय, आता पहिला परिच्छेद लिहिता येईल. तेवढ्यात बजरंग पाया पडायला वाकला होता. मी वरून ताईंना म्हणालो की वकील तर खटला सोडून गेला, दावा आता लावू कुणावर? त्या हसल्या आणि त्यांनी कागद पिशवीत टाकले. फाडले मात्र नाहीत. वकीलच त्या.

बजरंगाला घरी घेऊन आलो. त्याची गोष्ट मी काढून घेतली, असं मला गाडीभर वाटत राहिलं. घरी आल्यावर वहिनीनं फडताळातला डबा काढला. चिवडा दिवाळीचा, सादळून मऊ पडलेला. मी म्हणालो, राहू दे, टाक म्हशीला. त्यानं डबा मांडीवर घेतला आणि दाणेसुद्धा वेचून खाल्ले. मग एवढंच म्हणाला की मामा, मला ती मांडी आठवत नाहीच, मला ही ओसरी आठवते.

आता लग्नाचं. मी येतो. रियाजला माझा निरोप सांग की त्या दिवशी माझी जागा त्यानं राखली, तर ऋतुजाच्या मागं उजवीकडची जागा त्याची, डावीकडं मी. आढेवेढे घेतले तर तुझ्या सासूबाईंना पुढं कर. त्यानं माझ्यासाठी पायजमा शिवायला घेतलाय असं बजरंग सांगत होता. त्याला म्हणावं, शिवू नये, फोटोत दोघांचे गुडघे वेगळे ओळखू आले पाहिजेत. आणि फोटोग्राफरला आधीच सांगून ठेव की या वेळी मुंडकी कापायची नाहीत.

पत्र इथं पुरे करतो. लोभ आहे तसाच राहू दे, त्याला साक्षीदार लागत नाहीत.

तुझा दादा,
किशनराव